साठीत बुद्धी नाठी होऊ नये म्हणून प्रेशर मोजा

या पानावर आपण नेहमी मोहोर, तुडतुडा, भुरी, खताच्या मात्रा आणि अनुदानाच्या तारखा यांविषयी बोलतो. आजचा विषय झाडाचा नाही, झाड सांभाळणाऱ्या माणसाचा आहे. कृषी खात्याच्या माणसाने दवाखान्याचा विषय का काढावा, असे काहींना वाटेल. पण बागेत हिंडताना जे दिसते त्यावरूनच तो निघाला आहे, म्हणून जरा धीराने वाचा.

आपल्या जिल्ह्याची गोष्ट बघा. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजार होती, २०११ मध्ये ती १६ लाख १५ हजारांवर आली. सगळा देश वाढत होता आणि आपण ऐंशी हजारांनी घटलो. त्याच जनगणनेत हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया निघाल्या. याचा अर्थ सांगायला तज्ज्ञ नको. कर्ते हात मुंबईला, घरी म्हातारा-म्हातारी. मंडणगडपासून राजापूरपर्यंत कुठल्याही वाडीत जा, कलमांची राखण, गुरांची वैरण, भाताची लावणी यांतले निम्मे काम साठी ओलांडलेल्या माणसांच्या अंगावर आहे. कोणते कलम एक वर्षाआड धरते, कोणत्या झाडाखाली कातळ लागतो, बांध कुठून कुठे जातो, कोणाला किती पेट्या दिल्या आणि पट्टी आली की नाही, हे सगळे सातबाऱ्यावर नसते. ते त्या माणसाच्या डोक्यात असते.

आणि ते डोके विस्कटायला लागले की आपण काय म्हणतो? "साठी बुद्धी नाठी." हसतो आणि सोडून देतो. पाऊस पडणारच, तसे म्हातारपणी विसरणारच, अशी आपली समजूत आहे. थोडे विसरणे वयाने येते हे खरे. चष्मा कुठे ठेवला, पाहुण्याचे नाव काय, हे तर चाळिशीतही विसरते. पण नेहमीची वाट चुकणे, तेच काम पुन्हा करणे, पैशाचा हिशेब न जमणे, घरच्या माणसाला भलत्याच नावाने हाक मारणे, हा आजार आहे. त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात. डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात. या आजाराचा एक मोठा वाटा हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या बिघाडातून येतो, आणि तो बिघाड वीस-वीस वर्षे आधी साध्या मोजमापात दिसत असतो. आजचे सांगणे एवढेच आहे.

हे कसे होते ते आपल्याच भाषेत पाहू. नारळ-सुपारीच्या बागेत ठिबक असेल तर तुम्हाला ठाऊक आहे, पंप ठीक चालला तरी लाइनच्या शेवटची झाडे आधी सुकतात. पाण्यात गाळ असला की टोकाचे ड्रीपर आधी चोंदतात. दाब प्रमाणाबाहेर गेला की बारीक नळ्या आधी सुटतात. मुख्य पाइपाला काहीच झालेले नसते, म्हणून मालकाला वाटते सगळे ठीक आहे. मेंदूचे असेच. वजनाने तो शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी पाचवा हिस्सा एकटा खातो. त्याच्या आत खोलवर केसाहून बारीक रक्तवाहिन्या गेलेल्या असतात. रक्तदाब वर्षानुवर्षे चढा राहिला की त्यांच्या भिंती जाड आणि ताठ होतात. साखर वाढलेली असेल तर त्या आतून खराब होतात. कोलेस्टेरॉलचा थर बसतो तो मोठ्या वाहिन्यांत. कुठे रक्त पोचत नाही, कुठे थेंबभर फुटते. अर्धांगाचा मोठा झटका आला तर अख्खे गाव धावते. पण असे बारीक बारीक झटके येऊन जातात तेव्हा ना दुखत, ना कळत. पाच-दहा वर्षांनी बायको म्हणते, "हे हल्ली पूर्वीसारखे राहिले नाहीत."

डॉक्टर मंडळी अल्झायमर नावाचा वेगळा आजारही सांगतात, त्यात मेंदूत एक प्रकारचे प्रथिन साठते. पण म्हाताऱ्या माणसात बहुधा दोन्ही बिघाड एकत्र असतात. प्रथिनाचे आपल्या हातात फारसे काही नाही. रक्तवाहिन्यांचे आहे.

आपल्याकडे असे आजार शहरातल्या लोकांना होतात, असाही एक समज आहे. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिने इतर संस्थांबरोबर देशभरातल्या पंचेचाळीस वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक लोकांची मोठी पाहणी केली, ती २०१७ पासून. त्यातल्याच काही वृद्धांची स्मरणशक्ती नीट तपासून २०२३ मध्ये अंदाज मांडला गेला. भारतात साठीच्या पुढच्या माणसांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. शहरापेक्षा खेड्यात प्रमाण जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. खेडी आणि बायका, दोन्ही गोष्टी आपल्या जिल्ह्याला लागू पडतात, हे मुद्दाम सांगतो.

आता बागेतली गोष्ट. किनाऱ्याकडच्या एका गावात एक बागायतदार आहेत, वय तेव्हा अडुसष्ट. माणूस असा, की दीडशे कलमांपैकी कोणतेही दाखवा, लागवडीचे वर्ष सांगणार. तीन-चार वर्षांपूर्वी ऑगस्टात मी गेलो तर बारा कलमांच्या बुंध्याभोवती कल्टारची आळी दोनदा काढलेली. आठ दिवसांपूर्वी घातलेले औषध पुन्हा घातले होते. तुम्ही जाणताच, कल्टार घेराच्या मापानेच घालावे लागते. जास्त झाले की पालवी आखूड येते, मोहोर गुच्छासारखा दाटतो आणि झाड पुढची काही वर्षे चिडलेले राहते. मी विचारले, "तात्या, हे दोनदा कसं झालं?" ते म्हणाले, "कोण म्हणतं दोनदा? आजच घातलं." काकी मागे उभ्या होत्या. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि आत गेल्या. नंतर पाणी देताना सांगितले, की गेल्या महिन्यात स्टँडवरून घरी यायची वाट त्यांना सापडली नाही, रिक्षावाल्याने आणून सोडले. मुलगे डोंबिवलीला. त्यांना फोनवर सांगितले तर ते म्हणाले, वय झालं आई.

तात्यांना उपकेंद्रात नेले. रक्तदाब भरला १८२ आणि १०८. पूर्वी कधी मोजला होता का? दहा वर्षांपूर्वी एका शिबिरात मोजला होता, गोळ्या दिल्या होत्या, महिनाभर घेऊन सोडल्या. "मला काय धाड भरलीय? झाडावर चढतो अजून," हे त्यांचे उत्तर. खोटे नव्हते, चढत होतेच. आता गोळ्या चालू आहेत, दाब आटोक्यात आहे. गेलेली आठवण परत आली नाही, येतही नाही. पण घसरण पहिल्यासारखी भरभर नाही, असे काकी म्हणतात. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. एका झाडावरून आपण जातीची शिफारस करत नाही, तसेच हे. म्हणून मोठ्या चाचण्यांकडे वळू.

लंडनमध्ये सरकारी नोकरांच्या एका मोठ्या गटावर १९८५ पासून नजर ठेवली आहे. त्यात आढळले, की पन्नाशीत ज्यांचा वरचा आकडा १३० किंवा जास्त होता, त्यांच्यात पुढे स्मृतिभ्रंश अधिक दिसला. लक्षात घ्या, १३०. आपल्याकडे एवढ्या आकड्याला कोणी आजार म्हणत नाही. मात्र ही नुसती नोंद होती. दाब उतरवला तर बुद्धी टिकते का, हा पुढचा प्रश्न. अमेरिकेत नऊ हजारांहून अधिक लोकांचे दोन गट केले. एकाचा वरचा आकडा १४० च्या खाली ठेवला, दुसऱ्याचा १२० च्या खाली. २०१९ मध्ये निकाल आला. ज्यांचा जास्त उतरवला त्यांच्यात सौम्य विसराळूपणा १९ टक्क्यांनी कमी. पक्क्या स्मृतिभ्रंशातही थोडा फरक दिसला, पण तो योगायोगाने आलेला नाही असे खात्रीने म्हणण्याइतका नव्हता.

मला सर्वांत मोलाची वाटते ती चीनच्या खेड्यांतली चाचणी. तिचा निकाल २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. ३२६ गावे, चाळिशीपुढचे आणि रक्तदाब आटोक्यात नसलेले जवळजवळ ३४ हजार लोक. निम्म्या गावांत नेहमीचे चालू ठेवले. उरलेल्या गावांत काम दिले ते गावडॉक्टरांना. हे आपल्याकडच्या एमबीबीएस डॉक्टरांसारखे शिकलेले नसतात, थोडे प्रशिक्षण घेतलेले गावचेच लोक असतात. त्यांना ठरलेला तक्ता दिला, कोणती गोळी आधी, किती दिवसांनी वाढवायची. गोळ्या मोफत किंवा स्वस्तात. घरी मोजायला मशीन. वर बोलणे-समजावणे. दाब १३० आणि ८० च्या खाली आणायचा, एवढे लक्ष्य. चार वर्षांनी त्या गावांत स्मृतिभ्रंश १५ टक्क्यांनी कमी निघाला. शंभर माणसांतली पंधरा वाचली, असा याचा अर्थ नाही. जिथे शंभर जणांना विकार जडला असता तिथे पंच्याऐंशींना जडला. तेही चारच वर्षांत, आणि मोठे हॉस्पिटल नाही, डोक्याचा फोटो नाही, महागडे इंजेक्शन नाही. मशीन, गोळी आणि पाठपुरावा, बस्स.

हे वाचल्यावर आपली आशाताई आणि उपकेंद्रातल्या सिस्टर डोळ्यांसमोर येतात की नाही? आपल्याकडेही रक्तदाब नियंत्रणाचा असाच ठरलेल्या तक्त्याचा कार्यक्रम २०१७ च्या अखेरीस सुरू झाला. महाराष्ट्रात पहिल्या फळीत जे जिल्हे घेतले त्यात शेजारचा सिंधुदुर्ग होता. शिवाय १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांतले उपचार मोफत झाले आहेत. म्हणजे अडचण पैशाची थोडी आणि आपल्या "मला काही होत नाही"ची जास्त. एसटीचा प्रश्न आहे, पावसाळ्यात वाडीतून उतरण्याचा प्रश्न आहे, गोळ्यांचा साठा कधीकधी संपतो, हेही खरे. तरी उपकेंद्रापर्यंत बहुतेकांचे पाय पोचतात.

तर मोजायचे काय? पहिला रक्तदाब. १४० आणि ९० किंवा त्यापुढे असेल तर डॉक्टरांकडे. मोजण्याआधी पाच मिनिटे टेकून बसा, अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको, हात छातीच्या उंचीवर टेकवा, बोलू नका आणि दोनदा मोजा. घाट चढून आल्या आल्या मोजलेला आकडा खरा नसतो. दुसरी साखर, त्यात तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी चांगली. तिसरे कोलेस्टेरॉल, त्यातले एलडीएल नावाचे. जगभरच्या तज्ज्ञांनी २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळण्याजोगी चौदा कारणे मांडली, त्यात मध्यम वयातले वाढलेले एलडीएल आणि न सुधारलेली कमजोर नजर ही दोन नव्याने घातली. बहिरेपणा, तंबाखू-विडी, मधुमेह, रक्तदाब, एकटेपणा ही आधीपासून होती. चौदाही नाहीशी झाली तर जवळपास निम्मे, नेमके सांगायचे तर ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतात, असा त्यांचा अंदाज आहे. चौथी गोष्ट फुकटची आहे: नाडी. मनगटावर तीन बोटे ठेवून मिनिटभर बघा. ठोके एका लयीत नसून अडखळत, वेडेवाकडे पडत असतील तर सांगा. त्या बिघाडात हृदयात रक्ताच्या बारीक गुठळ्या होतात आणि त्या मेंदूत जाऊन अडकतात.

"मी तर काटक, माझ्या अंगावर मांस नाही, मला साखर कुठली?" असे पुष्कळजण म्हणतात. त्यांच्यासाठी पुण्याचे एक उदाहरण. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये आपल्या एका इंग्रज सहकाऱ्याबरोबर फोटो छापला. उंची-वजनाचे गुणोत्तर दोघांचे अगदी एक, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तेव्हा इंग्रजाची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के. आपला माणूस वरून बारीक आणि आतून चरबीचा असतो, तो असा. तेव्हा हातपाय बघू नका, बेंबीवरून पोटाला टेप लावा.

मिठाविषयी मात्र सविस्तर बोलले पाहिजे, कारण तो आपल्या स्वयंपाकघरातला प्रश्न आहे. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे एक लहान चमचा सपाट, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कोकणी घरात बघा. सकाळी मऊ भाताबरोबर लोणचे. दुपारी सुकट किंवा भाजलेला बोंबील. पावसात ताजी मासळी नाही म्हणून खारवलेला बांगडा. खारातल्या कैऱ्या, पापड, फणसाचे तळलेले गरे, सांडगे. आणि आगळ! कोकमाचे आगळ टिकते तेच मिठाच्या जोरावर. आगळाची सोलकढी करायची आणि वर सवयीने आणखी चिमूटभर टाकायचे, ही पद्धत आधी मोडा. कोकम बंद करा असे मी म्हणत नाही, कोकम माझ्याच शिफारशीतले पीक आहे. बिनमिठाचे सरबत, आमसूल भिजवून केलेले सार, हे मार्ग आहेत. आमसुलालाही मीठ लागलेले असते, म्हणून आधी धुऊन घ्या. सुकी मासळी कोमट पाण्यात भिजवून ते पाणी दोनदा टाकून द्या, पुष्कळ मीठ उतरते. लोणच्याची फोड खा, खार पुसून. बायकांनो, मिश्री तंबाखूच असते. दात साफ होतात ही समजूत आहे, नाडी मात्र प्रत्येक वेळी वाढते.

गोळीविषयी एक गोष्ट मी शेतकऱ्यांना नेहमी फवारणीच्या दाखल्याने सांगतो. भुरी दिसल्यावर आपण फवारतो का? मोहोर स्वच्छ असतानाच वेळापत्रकाने फवारतो, आणि मोहोर स्वच्छ राहिला म्हणून पुढची फवारणी चुकवत नाही. रक्तदाबाची गोळी तशीच. आकडा नॉर्मल आला तो गोळीमुळे आला. थांबवली की पुन्हा चढणार. कमी-जास्त करायची असेल तर डॉक्टरांनी. आणि दुसऱ्या टोकाचीही सावधगिरी हवी. सत्तर-ऐंशीच्या माणसाचा दाब ओढूनताणून फार खाली आणला तर चक्कर येते, पडणे होते. एप्रिल-मेच्या उन्हात, आंबा काढणीच्या घाईत, घाम गाळून पाणी न पिता काम करणाऱ्या आजोबांना हे विशेष लागू आहे. उठताना अंधारी येत असेल तर ते डॉक्टरांना सांगा, परस्पर गोळी सोडू नका. झाडावर तर चढूच नका. घळ लावलेली काठी आहे ना?

आता ज्यांच्या घरी विसरणे सुरू झाले आहे त्यांच्यासाठी. आधी डॉक्टरांकडे न्या, कारण थायरॉइड, बी-बारा जीवनसत्त्वाची कमतरता, कान मंद होणे, मनाची उदासी, एखाद्या औषधाचा परिणाम यांमुळेही माणूस विसराळू दिसतो आणि यांतले बरेचसे सुधारते. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय १८८६ पासून आहे. त्याचे नाव काढले की लोक दचकतात. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात दाखवले म्हणजे वेडा ठरवले, असे नसते. घरच्या घरी करायचे काम म्हणजे औषधे कुलपात. कीटकनाशकाची बाटली आणि खोकल्याची बाटली एका फळीवर ठेवणारी घरे मी पाहिली आहेत. विसरणाऱ्या माणसाच्या घरात तर फवारणीचे सगळे सामान दुसऱ्याच्या किल्लीखाली हवे. बँकेचे, सातबाऱ्याचे, पीक कर्जाचे व्यवहार माणूस समजून सही करू शकतो आहे तोवर मुलांना बोलावून उघडपणे ठरवून घ्या. सही कशावर केली हे आठवत नाही म्हणून भावाभावांत तंटे लागलेले गावोगाव आहेत. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा सरकारी मदत फोन आहे, पैसे लागत नाहीत.

चाकरमानी मंडळींना एक विनंती. गणपतीला याल तेव्हा दंडाला पट्टी बांधायचे रक्तदाबाचे मशीन घेऊन या, मनगटावरचे नको. आईवडिलांचा मोजा आणि स्वतःचाही मोजा, कारण तुमची चाळिशी-पन्नाशी हीच खरी मोजायची वेळ आहे. आकडे लिहायला वेगळी वही नको. फवारणीच्या वहीत तारखेपुढे एक रकाना आखा. काकींनी तसाच आखला आहे: तारीख, कोणती कलमे, कोणते औषध, तात्यांचे प्रेशर. कल्टार कधी घातले तेही आता त्याच लिहितात.